डाव बाजूला ठेवा: फिलिपिनो भाज्या कोकणच्या सामानात

फिलिपिन्सच्या घरगुती भाज्यांना लागणारं बहुतेक सगळं सामान मालवण, गुहागर किंवा अलिबागच्या बाजारात एका फेरीत मिळतं. अळू, केळफूल, कच्ची पपई, शेवग्याचा पाला, लाल भोपळा, कारली, चवळीच्या लांब शेंगा, बिंबल्या, नारळ आणि सुका जवळा एवढं पिशवीत आलं की झालं. कोकणातले कितीतरी लोक बोटीवर नोकरीला आहेत आणि तिथे सोबतीला फिलिपिनो खलाशी असतातच. त्यामुळे सिनिगांग (आंबट सार), आदोबो (व्हिनेगरमध्ये शिजवलेली भाजी किंवा मांस) ही नावं इथल्या बऱ्याच घरांत आधीच येऊन पोचली आहेत.

अडचण येते ती चुलीपाशी. हात सवयीने मोहरीच्या फोडणीकडे, मालवणी मसाल्याच्या डब्याकडे आणि गुळाच्या खड्याकडे जातो. या भाज्यांत हळद, धणे-जिरं, भाजक्या खोबऱ्याचं वाटण यातलं काहीच पडत नाही. चव येते ती खारवलेल्या जवळ्यातून, आंबटातून, नारळाच्या रसातून आणि कुठली भाजी कधी भांड्यात गेली त्यावरून. आणखी एक सवय मोडावी लागते, ती म्हणजे सारखं ढवळण्याची. पिनाकबेत (मिसळीची भाजी), लाइंग (नारळाच्या रसातलं अळू), व्हिनेगरची भाजी, तिन्हीत डाव बाजूला ठेवायचा असतो. पहिल्यांदा करणाऱ्यांच्या भाज्या बिघडतात त्या मुख्यतः याच कारणाने, सामान कमी पडल्यामुळे क्वचितच.

आधी खारा जवळा

फिलिपिन्समध्ये भाजीत मिठाचं काम बऱ्याचदा बागोओंग करतं. बागोओंग म्हणजे मीठ लावून मुरवलेली बारीक मासळी. उत्तरेकडच्या इलोकोस भागात ते मांदेलीच्या कुळातल्या छोट्या माशांचं करतात, तर मनिलाच्या आसपासच्या तागालोग भागात आलामांगचं. हे आलामांग म्हणजे आपला जवळाच. दोन्ही आसेटिस या एकाच वंशातले. म्हणून कोकणातल्या माणसाला हे महागडं बाटलीबंद सामान मागवायची गरज नाही.

मुरवायचा असेल तर जवळा त्याच दिवशी बोटीवरून उतरलेला हवा. मिठाच्या पाण्यात हलकेच धुवा, कचरा आणि इतर बारीक मासळी निवडून काढा, आणि चाळणीत तासभर पूर्ण निथळू द्या. मग वजन करा. जवळा ३ भाग असेल तर जाडं मीठ १ भाग. म्हणजे ६०० ग्रॅम जवळ्याला २०० ग्रॅम मीठ. हे प्रमाण डोळ्याने ठरवू नका, तराजूच घ्या. मीठ कमी पडलं तर जवळा मुरत नाही, सडतो. स्वच्छ, कोरड्या काचेच्या बरणीत दाबून भरा, वरून आणखी चमचाभर मीठ पसरा, तोंडाला कापड बांधून झाकण सैल ठेवा आणि सावलीत ठेवून द्या. दोन-तीन दिवसांत पाणी सुटतं. जवळा त्या पाण्याखाली बुडालेला राहिला पाहिजे. आठवड्यातून एकदा कोरड्या चमच्याने खालीवर करा. महिनाभराने वापरता येतो, पण तीन महिन्यांनी जो लागतो त्याची गोष्ट वेगळी. वास उग्र पण खारट, सुक्या मासळीच्या बाजारासारखा असावा. कुजका वास आला, वर बुरशी धरली किंवा अळी दिसली तर सगळी बरणी टाकून द्या, वरचा थर काढून बाकीचा वाचवायला जाऊ नका. घरच्या जवळ्याचा रंग करडा-तपकिरी होतो. बाजारातल्या बागोओंगचा गुलाबी रंग बऱ्याचदा घातलेला असतो, त्यामुळे आपला तसा दिसला नाही म्हणून काही चुकलं असं नाही.

मुरलेल्या बागोओंगवर जे पाणी तरंगतं तेच गाळून पातिस, म्हणजे फिश सॉस, म्हणून वापरतात.

मासेमारीच्या पावसाळी बंदीत ताजा जवळा मिळत नाही, आणि घरात तीन महिने वास सोसायची सगळ्यांची तयारी नसते. त्यांच्यासाठी सुक्या जवळ्याचा झटपट प्रकार. ५० ग्रॅम सुका जवळा चाळून रेती काढा आणि कोरडाच मंद आचेवर तीन-चार मिनिटं परता. जास्त भाजला तर कडू होतो. अर्धी वाटी कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा आणि त्याच पाण्यासकट भरड वाटा. ३ मोठे चमचे तेलात ८ ठेचलेल्या लसूण पाकळ्या, १ बारीक चिरलेला कांदा आणि १ टोमॅटो मऊ होऊ द्या, वाटलेला जवळा घाला, २० ग्रॅम मीठ, १ मोठा चमचा व्हिनेगर आणि १ छोटा चमचा साखर घालून तेल सुटेपर्यंत परता. फ्रिजमध्ये पंधरा दिवस टिकतो. पुढे जिथे 'खारा जवळा' असं येईल तिथे यातला कुठलाही चालेल. मुरवलेला वापरलात तर तो जास्त खारट असतो, म्हणून निम्म्याने सुरुवात करा आणि तो नेहमी शिजवूनच खा.

श्रावणात किंवा मासळी न खाणाऱ्यांसाठी त्याच्या जागी १ मोठा चमचा सोया सॉस आणि मीठ वापरता येतं. भोपळ्याच्या भाजीत आणि मुगात ते बरं लागतं. पिनाकबेतचा मात्र जीवच जवळ्यात आहे. तो काढला तर उरते ती मिसळीची भाजी, चांगली लागेल पण तिला पिनाकबेत म्हणू नये.

पिनाकबेत

इलोकोसची ही भाजी. नाव इलोकानो भाषेतल्या 'पिनाकेब्बेत'वरून आलं, म्हणजे आक्रसलेलं, सुरकुतलेलं. नावातच कृती सांगितली आहे. पाणी आटेपर्यंत आणि भाज्या सुरकुतेपर्यंत शिजवायचं, पण त्यांचा लगदा होऊ द्यायचा नाही.

चौघांसाठी छोटी वांगी २५०, छोटी कारली २००, कोवळी भेंडी १५० आणि चवळीच्या लांब शेंगा १५० ग्रॅम घ्या. जोडीला ३ पिकलेले टोमॅटो, १ कांदा, बोटाच्या दोन पेरांएवढं आलं, ५ लसूण पाकळ्या, ३ मोठे चमचे खारा जवळा आणि अर्धी वाटी पाणी. परसात चौधारीच्या शेंगा लागल्या असतील तर त्याही घाला, त्या तिथेही आवडीने खातात. लाल भोपळा मूळ इलोकानो पद्धतीत नसतो, तो तागालोग घरांत आला. घातलात तर २०० ग्रॅम, मोठ्या फोडी करून, म्हणजे विरघळून रस दाट होणार नाही.

भेंडीचं फक्त टोक आणि देठाची चकती काढा, तुकडे करू नका. कापलेली भेंडी तार सोडते आणि सगळी भाजी बुळबुळीत होते. वांग्याला देठ ठेवून खालून चार चिरा द्या. कारली उभी दोन भाग करून बी काढा, पण मीठ लावून पिळू नका. कडवटपणा इथे हवा असतो, फक्त त्यासाठी कारली छोटी आणि कोवळी असावीत. जून कारल्याचा कडूपणा बाकीच्या भाज्यांना झाकून टाकतो.

मातीची तवली किंवा जाड बुडाचं पातेलं घ्या. तळाला टोमॅटो, कांदा, आलं आणि लसूण, त्यावर कारली आणि शेंगा, मग वांगी, सगळ्यात वर भेंडी. खारा जवळा अर्ध्या वाटी पाण्यात कालवून वरून ओता. झाकण घाला, मध्यम आचेवर पाच मिनिटांत उकळी आली की आच मंद करा आणि वीस मिनिटं ठेवा. ढवळायचं नाही. मध्ये दोनदा भांड्याचे कान फडक्याने धरून, झाकण दाबून, सुपात तांदूळ पाखडल्यासारखं भांडं वरखाली हलवा. खालचा रस वर येतो आणि भेंडी फुटत नाही. तवली हातात हलवायला भीती वाटत असेल तर पातेलंच वापरा.

टोमॅटो आणि वांगी स्वतःचं पाणी सोडतात. दहाव्या मिनिटाला भाजी कोरडी वाटली तरी पाणी ओतू नका, पंधराव्या मिनिटाला परत बघा. तळाला करपल्याचा वास आला तरच दोन चमचे पाणी कडेने सोडा. शेवटी तळाला चार-पाच चमचे दाट रस राहावा. भाजी पाण्यात पोहत असेल तर झाकण काढून आच वाढवा, पण तोवर वांगी फाटतात. तेव्हा पाणी सुरुवातीलाच मोजून घातलेलं बरं. मीठ शेवटी चाखून, बहुधा लागतच नाही.

तेल यात एक थेंबही नाही. तागालोग घरांत आधी लसूण-कांदा-टोमॅटो तेलावर परततात, पण इलोकानो पद्धत उकडण्याची आहे आणि भाज्यांची चव तीच जास्त स्वच्छ राखते.

लाइंग: अळू आणि नारळाचा रस

लुझोन बेटाच्या आग्नेय टोकाला बिकोल हा भाग आहे, नारळ आणि तिखट मिरची यांचा. फिलिपिन्सच्या बऱ्याच भागांत जेवण सौम्य असतं, बिकोलमध्ये मात्र कोकणी माणसाची जीभ रमेल. लाइंग तिथलीच. अळूची वाळलेली पानं नारळाच्या रसात तेल सुटेपर्यंत आटवायची.

अळू कोणतं घ्यायचं हा पहिला प्रश्न. वडीचं काळ्या देठाचं किंवा परसातलं भाजीचं अळू चालेल. पावसात बांधावर, गडग्याच्या कडेला उगवणारी तेरी घेऊ नका. तेरीची भाजी आपण भरपूर आंबट घालून करतो आणि तरीही कधीकधी ती घशाला लागते. लाइंगमध्ये आंबट मुळीच नाही, म्हणून तिथे तेरी चालणार नाही.

अळू खाजतं ते पानातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. आपण त्यावर चिंच-आमसुलाचा उपाय करतो. बिकोलमध्ये पानं वाळवणं आणि खूप वेळ शिजवणं हा उपाय करतात. म्हणून या दोन्ही पायऱ्यांत घाई चालत नाही.

देठ आणि जाड शिरा काढून साधारण ७०० ग्रॅम ताजी पानं घ्या, वाळून १०० ग्रॅमच्या आसपास होतात. हाताला खोबरेल लावा. पानं ओल्या फडक्याने पुसून हातानेच मोठे तुकडे फाडा आणि सुती कापडावर सावलीत, वारा लागेल असे पसरा. आश्विन-कार्तिकात दोन-तीन दिवस पुरतात. पान चुरचुरीत व्हावं पण हिरवं राहावं. कडक उन्हात तांबूस होतं आणि गवतासारखा वास येतो. पावसाळ्यात वाळवायला जाऊ नका, दुसऱ्या दिवशीच काळी बुरशी धरते. ओव्हन असेल तर ६० ते ७० अंशांवर दार किंचित उघडं ठेवून तीन-चार तासांत वाळतात.

आता रस. बाणवलीचे ३ मोठे नारळ खवून घ्या. करवंटीजवळचा तपकिरी भाग येऊ देऊ नका, रस मळकट दिसतो. दीड वाटी कोमट पाणी घालून मिक्सरवर फिरवा आणि पंच्यातून पिळा. हा २ वाट्या पहिला दाट रस वेगळा ठेवा. तोच चोथा ४ वाट्या पाण्याबरोबर परत फिरवून पातळ रस काढा. पाणी उकळतं घालू नका, कोमटच हवं.

जाड बुडाच्या पातेल्यात तळाला बोटभर आल्याच्या काड्या, ८ लसूण पाकळ्या, १ कांदा, ३ मोठे चमचे खारा जवळा, ५० ग्रॅम भिजवलेले सोडे आणि ६ ते १० हिरव्या लवंगी मिरच्या. वरून सगळा पातळ रस. उकळी आली की वाळलेली पानं वर पसरा आणि डावाच्या पाठीने हलकेच दाबून रसात बुडवा. झाकण घालून मंद आचेवर ३० मिनिटं. या वेळात ढवळायचं नाही. ढवळलं की खाजतं असं बिकोलमध्ये सांगतात. खाज खरं तर जाते ती नीट शिजण्यानेच, पण अर्धवट भिजलेली पानं ढवळली तर त्यांचा चिकट गोळा होतो आणि आतली पानं कच्ची राहतात, त्यामुळे हा नियम पाळण्यासारखाच आहे.

अर्ध्या तासाने पानांनी बहुतेक रस पिऊन टाकलेला असतो. आता एकदा खालीवर करा, दाट रस घाला आणि झाकण न ठेवता अगदी मंद आचेवर २० ते ३० मिनिटं ठेवा. कडेने तेलाचे थेंब दिसू लागतात. आपल्याकडे रस फाटला की जीव हळहळतो, इथे तोच फाटून तेल सुटावं अशी अपेक्षा असते. तरीही आच मोठी करून घाईने फाडू नका. तसं केलं तर दाणेदार चोथा एका बाजूला आणि पाणी दुसऱ्या बाजूला होतं. हळूहळू आटला तर पाणी आधी उडतं आणि मग तेल सुटतं.

उतरवण्याआधी एक छोटा तुकडा गार करून जिभेच्या टोकावर ठेवा आणि दोन मिनिटं थांबा. चुरचुरलं तर अर्धी वाटी पाणी घालून आणखी पंधरा-वीस मिनिटं शिजवा. अगदीच भीती असेल तर दोन आमसुलं टाका. मग ते लाइंग राहत नाही, पण जेवण वाया जात नाही. दुसऱ्या दिवशी लाइंग जास्त चांगलं लागतं, आणि उकड्या तांदळाच्या भाताबरोबर तर फारच.

आल्बाय प्रांतातल्या कामालिग गावचं पिनांगात हेही अळूचंच, पण त्यात पानांची पुरचुंडी बांधून आत मासळी किंवा मांस भरतात आणि नारळाच्या रसात शिजवतात. अळुवडी करणाऱ्या हाताला ते अवघड जाणार नाही. फक्त बेसन नाही आणि तळणंही नाही.

भोपळा आणि शेंगा, रसातल्या

नारळाच्या रसाला तिथे गाता म्हणतात आणि त्यात शिजवलेल्या सगळ्या पदार्थांना गिनाताआन. नव्याने सुरुवात करणाऱ्याने या प्रकारातली भोपळ्याची भाजी पहिल्यांदा करावी. अर्ध्या तासात होते आणि सहसा बिघडत नाही.

२ मोठे चमचे खोबरेल, त्यात आधी ५ लसूण पाकळ्या, त्या सोनेरी झाल्या की १ कांदा, मग आलं. याला गिसा म्हणतात, स्पॅनिश भाषेतून आलेला शब्द. बहुतेक फिलिपिनो भाज्यांची सुरुवात हीच. लसूण करपू देऊ नका, फोडणी कडू झाली तर नारळाचा गोडवा तिला झाकू शकत नाही. १५० ग्रॅम सोललेली बारीक कोळंबी किंवा २ चमचे खारा जवळा परता, ५०० ग्रॅम लाल भोपळ्याच्या दोन बोटं रुंद फोडी आणि दीड वाटी पातळ रस घालून झाकण ठेवा. भोपळ्याची साल ठेवा, फोड आकार धरून राहते. आठ मिनिटांनी २०० ग्रॅम शेंगांचे बोटभर तुकडे आणि दोन आख्ख्या हिरव्या मिरच्या घाला. आणखी सहा-सात मिनिटांनी दोन-चार फोडी डावाने कडेला दाबून मोडा, रसाला तेवढाच दाटपणा पुरतो. शेवटी पाऊण वाटी दाट रस घाला, एक वाफ येऊ द्या आणि उतरवा. इथे रस फाटायला नको, म्हणून दाट रस गेल्यावर खळखळून उकळू नका. भोपळा पाणचट निघाला तर पातळ रस एक वाटीच घ्या.

भोपळा, टोमॅटो, मिरची, शेंगदाणे, पपई हे सगळं फिलिपिन्सला अमेरिकेतून आलं. मनिला आणि मेक्सिकोतलं अकापुल्को यांच्यामध्ये १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं स्पॅनिश गलबतं ये-जा करत होती, त्या काळात. आपल्याकडे मिरची पोर्तुगीजांनी आणली. एकाच खंडातलं बियाणं दोन वेगळ्या दिशांनी येऊन दोन्ही किनाऱ्यांच्या परसात रुजलं. म्हणूनच बाजारातली ही फेरी इतकी सोपी जाते.

सिनिगांग, भाज्यांचं

सिनिगांग हे आंबट, पातळ, गरम सार. त्यात मासळी किंवा डुकराचं मांस घालतात, पण नुसत्या भाज्यांचंही छान होतं. पाण्याऐवजी तांदळाचं धुवण वापरतात. पहिलं धुवण टाकून द्या, दुसरं जोर लावून चोळून काढलेलं दीड लिटर घ्या.

धुवणात ४ सोललेल्या अळकुड्या, २ टोमॅटो आणि १ कांदा घालून अळकुड्या मऊ होईपर्यंत, साधारण पंधरा मिनिटं उकळा. एक-दोन अळकुड्या मोडून घेतल्या की साराला अंग येतं. मग मुळ्याच्या तिरक्या चकत्या, चार मिनिटांनी शेंगा आणि वांग्याच्या फोडी, आणखी चार मिनिटांनी आख्खी भेंडी आणि दोन लांब हिरव्या मिरच्या. आंबट यानंतर घालायचं. आधी घातलं तर भाज्या आणि अळकुड्या शिजायला नको तितका वेळ घेतात.

आंबटाला तिथे चिंच, कैरी, पेरू, बिंबल्या जे हंगामात असेल ते वापरतात. बिंबल्या १२ ते १५, वेगळ्या पाण्यात शिजवून कुस्करून गाळा. चिंच घेतलीत तर लिंबाएवढ्या दोन गोळ्यांचा कोळ. आमसूल घालावं का असं कोकणात कोणीही विचारेल. जरूर घालावं. मध्य फिलिपिन्समध्ये याच कामाला बातुआन नावाचं फळ वापरतात आणि ते कोकमाच्याच गार्सिनिया वंशातलं आहे. ८ ते १० आमसुलं पुरतात, पण रंग लालसर होतो आणि त्यात मीठ आधीच असतं, तेव्हा मीठ नंतर चाखून घाला. चव इतकी आंबट हवी की पहिल्या घोटाला डोळे मिटावेत. गूळ घालून ती गोल करू नका.

शेवटी दोन मुठी नाळीची भाजी, देठ आधी आणि पानं आच बंद केल्यावर. ती मिळाली नाही तर मुळ्याचा कोवळा पाला. चवीला फिश सॉस किंवा मीठ.

मूग आणि शेवग्याचा पाला

मुंगो म्हणजे आपले मूगच. फिलिपिन्समध्ये ही उसळ शुक्रवारी करायची पद्धत आहे, कारण कॅथलिक घरांत लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या, शुक्रवारी मांस वर्ज्य असतं. १ वाटी हिरवे मूग ५ वाट्या पाण्यात दाणे फुटेपर्यंत शिजवा, कुकरमध्ये तीन-चार शिट्ट्या. मोड आणू नका, इथे दाटसरपणा हवा. वेगळ्या कढईत लसूण, कांदा, २ टोमॅटो यांचा गिसा, त्यात मूठभर सोडे, मग मूग. दहा मिनिटं उकळून मीठ आणि मिरपूड. दोन वाट्या शेवग्याचा पाला अगदी शेवटी, आच बंद करून घाला आणि झाकण ठेवा. काड्या एकही ठेवू नका, त्या दातात येतात. पाला उकळत राहिला तर कडसर होतो. कारल्याची कोवळी पानंही चालतात.

वांग्याची तोर्ता

तोर्ता म्हणजे इथे अंड्यात बुडवून तव्यावर भाजलेलं वांगं. लांब, बारीक वांगी घ्या. भरताचं मोठं वांगं इथे उपयोगाचं नाही. देठासकट निखाऱ्यावर किंवा गॅसवर साल काळी होईपर्यंत भाजा, झाकून दहा मिनिटं ठेवा, मग साल सहज निघते. नळाखाली धरून सोलू नका, धुराचा वास धुऊन जातो. ताटात ठेवून काट्याने पसरट दाबा, देठ तुटू देऊ नका आणि सुटलेलं पाणी काढून टाका. पाणी राहिलं तर अंडं धरत नाही. एका वांग्याला एक मोठं अंडं, मीठ, मिरपूड. वांगं अंड्यात बुडवून देठाला धरून तव्यावर सोडा, उरलेलं अंडं वरून ओता. मध्यम आच, दोन मोठे चमचे तेल, एका बाजूला तीन मिनिटं. कडा घट्ट झाल्याशिवाय उलटायला जाऊ नका.

नाळीच्या भाजीचा आदोबो

जुडीभर नाळीची भाजी, देठ आणि पानं वेगळी. तेलात ८ ठेचलेल्या पाकळ्या लसूण सोनेरी करून निम्म्या काढून ठेवा. देठ टाका, ३ मोठे चमचे सोया सॉस, ३ मोठे चमचे व्हिनेगर, मिरपूड. माडीचं व्हिनेगर मिळालं तर उत्तम, फिलिपिन्समध्येही माडाच्या रसाचं व्हिनेगर घरोघरी असतं. व्हिनेगर घातल्यावर उकळी येईपर्यंत ढवळू नका आणि झाकणही ठेवू नका. उकळीबरोबर त्याचा कच्चा झणका उडून जातो. दोन मिनिटांनी पानं घाला, ती मरगळताच उतरवा आणि काढून ठेवलेला लसूण वर घाला.

आचारा

हा शब्द आपल्या अचाराचाच. तेलमसाला मात्र यात नसतो, कच्ची पपई गोड-आंबट व्हिनेगरमध्ये मुरवतात. १ किलो कच्ची पपई घ्या, आतून पांढरी हवी. गुलाबी छटा आली असेल तर लोणचं मऊ पडतं. सोलून किसा, ५० ग्रॅम मीठ चोळून दोन तास ठेवा, धुवा आणि पंच्यात घालून पूर्ण ताकद लावून पिळा. बिघडतं ते इथेच. पाणी राहिलं तर व्हिनेगर पातळ होतं आणि आठवड्यात फेस येतो. १ गाजर, १ ढोबळी मिरची, ३० ग्रॅम आलं यांच्या काड्या, ८ लसूण पाकळ्या आणि चमचाभर काळी मिरी मिसळा. ४०० मिली व्हिनेगर, २५० ग्रॅम साखर आणि छोटा चमचा मीठ एकत्र उकळून पाच मिनिटं ठेवा. काचेच्या बरणीत पपई भरून ते गरम गरम ओता, पपई पूर्ण बुडाली पाहिजे. लिंबाच्या रसाने हे होत नाही, टिकत नाही. ५ टक्के आम्लतेचं व्हिनेगर हवं, बाटलीवर लिहिलेलं असतं. माडीच्या घरगुती व्हिनेगरची आम्लता ठाऊक नसते, ते आदोबोला वापरा. तीन दिवसांनी खायला काढा, फ्रिजमध्ये महिनाभर चांगलं राहतं. तळलेल्या बांगड्याबरोबर वाढून बघा.